आटपाडी, बर्लिन आणि 'निखळ माणूस'

शीतयुद्ध आणि मराठी साहित्य असा विषय निघाला की मराठी समीक्षेची नजर सहसा मुंबईच्या पलीकडे जात नाही. साम्यवादी, समाजवादी आणि रॉयवादी लेखकांमधील वाद, 'सत्यकथे'च्या वर्तुळातील कलास्वायत्ततेचा आग्रह, त्यावर बांधिलकीवाद्यांनी घेतलेले आक्षेप, एवढ्या परिघात तो विषय आटोपतो. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी परस्परांविरुद्ध उघड युद्ध न पुकारता चार दशकांहून अधिक काळ जी स्पर्धा चालवली, तिचा माणदेशातील कथनाशी काही संबंध असू शकेल अशी शंकाही कोणाला येत नाही. आटपाडी पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे हे भूगोलाचे पुस्तक सांगते. ती जागतिक इतिहासाच्याही पर्जन्यछायेत आहे, असे वाङ्मयेतिहासाने परस्पर ठरवून टाकले आणि 'ग्रामीण', 'प्रादेशिक' या संज्ञांनी ते काम बिनबोभाट पार पाडले.

वस्तुस्थिती वेगळी आहे. आटपाडीच्या परिसरातून निघालेले एक कथन १९५८ साली शीतयुद्धाच्या ऐन आघाडीवरील शहरात पोहोचले आणि तेथे गौरवले गेले. ज्या मूल्याच्या बळावर असा गौरव शक्य होता ते मूल्य, म्हणजे राजकारणापलीकडचा 'निखळ माणूस', त्याच दशकात मराठी समीक्षाही प्रमाण मानू लागली होती. एकाने दुसऱ्याकडून ते उसने घेतले असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र हे मूल्य वाटते तितके निष्पक्ष नव्हते, आणि ते आटपाडीला लावले असता आटपाडीतील नेमक्या कोणत्या गोष्टी दिसेनाशा होतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

आरंभ स्वतंत्रपूरपासून करावा लागतो. आटपाडी ही त्या वेळी औंध संस्थानात होती. बहात्तर गावांचे हे लहानसे संस्थान, तेही सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना स्वीकारली. ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या राहिलेल्या त्या घटनेमागे महात्मा गांधींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांचा पुढाकार होता आणि मॉरिस फ्रीडमन या वॉर्सात जन्मलेल्या पोलिश ज्यू अभियंत्याचे परिश्रम होते. (हेच फ्रीडमन पुढे निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचे इंग्रजी रूपांतरकार म्हणून जगाला परिचित झाले, आणि त्यांचे औंधमधील काम त्या कीर्तीखाली झाकले गेले.) त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांनी भिंतीवाचून राहावे, जमीन कसावी आणि माणसांत परतण्याची तयारी करावी, ही तिची कल्पना. तुरुंग असूनही ती वसाहत एका राजकीय व्यवस्थेचा भाग होती, हे येथे विशेष ध्यानात घ्यायला हवे. ज्या संस्थानात राजाने आपली सत्ता उतरवून ठेवली, त्याच संस्थानात तुरुंगाधिकाऱ्यानेही आपली सत्ता सैल करावी, हे एकाच विचाराचे दोन आविष्कार होते.

शेटफळ्यात जन्मलेल्या आणि माडगुळ्याशी नाते सांगणाऱ्या ग. दि. माडगूळकरांनी या वसाहतीवरून जी कथा रचली तीवर व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट उभा राहिला. त्यात आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना एका ओसाड माळावर नेतो, त्यांच्याकडून जमीन पिकवून घेतो आणि नजरेच्या धाकाने व मायेने त्यांच्यातला माणूस जागा करतो. बाजारात प्रामाणिक भावाने भाजी विकणारे हे कैदी तेथील व्यापाऱ्याच्या डोळ्यांत सलतात. शेवटी पिकात सोडलेल्या बैलाशी झुंजताना आदिनाथ मरतो.

मूळ प्रयोगातून कथेपर्यंत येताना काय गळाले याची मोजदाद उद्बोधक ठरते. राज्यघटना गळाली, पंचायत गळाली, संस्थान गळाले. एका राजकीय प्रयोगाचे रूपांतर एका सत्पुरुषाच्या प्रयोगात झाले. स्वतंत्रपुरात सुधारणेचा आधार संस्था होती, चित्रपटात तो आधार दोन डोळे आहेत. म्हणून तर त्या डोळ्यांचा धनी मेल्यावरही ते डोळे शिल्लक उरावे लागतात. कैद्यांना एकत्र ठेवणारे दुसरे काही कथेने निर्माण केलेलेच नाही. अन्यायाच्या बाजूनेही हीच प्रक्रिया घडते. बाजार ही व्यवस्था म्हणून येत नाही, एक दुष्ट व्यापारी म्हणून येतो. चांगुलपणा आणि वाईटपणा हे दोन्ही व्यक्तींच्या अंगी आहेत, मधली सामाजिक रचना जवळजवळ पारदर्शक झाली आहे. चित्रपट म्हणून यात उणेपण आहेच असे नाही. बोधकथेला एवढा संक्षेप लागतोच, आणि माडगूळकरांच्या ठायी कीर्तन-आख्यानपरंपरेचे जे संस्कार होते त्यांत असे एककेंद्री कथन सहज बसते. प्रश्न संक्षेपाच्या कलामूल्याचा नाही. असा संक्षेप कोणत्या मंडपात कोणता अर्थ धारण करतो, हा आहे.

तो मंडप पश्चिम बर्लिनचा होता. बर्लिनचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५१ साली सुरू झाला तो ऑस्कर मार्टे या अमेरिकन प्रशासनातील चित्रपट-अधिकाऱ्याच्या प्रयत्नांतून. 'मुक्त जगा'ची प्रदर्शनखिडकी पूर्वेच्या उंबऱ्यावर उघडायची, हा त्यामागील उघड हेतू. साम्यवादी देशांच्या चित्रपटांना तेथे स्थान नव्हते. पहिला सोव्हिएत चित्रपट त्या महोत्सवात आला तो १९७४ साली. महोत्सवाचे उद्घाटन टायटॅनिया पालास्ट या चित्रपटगृहात झाले होते, आणि त्याच सभागृहात आदल्या वर्षी, जून १९५० मध्ये, 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संघटनेचा जन्म झाला होता. सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या या संघटनेची भारतीय परिषद मार्च १९५१ मध्ये मुंबईत भरली. मिनू मसानी तिचे प्रमुख संघटक होते आणि पुढे प्रभाकर पाध्ये यांच्यासारख्या मराठी लेखक-विचारवंताने या संघटनेच्या आशियाविषयक कामाची धुरा वाहिली. संघटनेचा पैसा अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर यंत्रणेकडून येत होता हे १९६६-६७ मध्ये उजेडात आले. त्यावरून तिच्यात वावरलेल्या प्रत्येकाला विकत घेतलेला ठरवणे हा आळशीपणा होईल. हुकूमशाहीविषयीची त्यांची भीती खरी होती आणि स्टालिनच्या छळछावण्याही खऱ्या होत्या. तरीही 'स्वातंत्र्य' आणि 'कला' या शब्दांना त्या काळात कोणी खतपाणी घातले हे विसरून त्या शब्दांचा इतिहास लिहिता येत नाही.

१९५८ च्या महोत्सवातील परीक्षकांचे अध्यक्ष फ्रँक काप्रा हे अमेरिकन दिग्दर्शक होते. काप्रांचा भारताशी संबंध त्याआधीच आला होता. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला ते अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या सांगण्यावरून आले होते, आणि महोत्सव साम्यवाद्यांच्या कह्यात जाण्याची चिंता त्यामागे होती असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितले आहे. १९५८ साली बर्गमनच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'ला सुवर्ण अस्वल मिळाले, 'दो आँखें बारह हाथ'ला रौप्य अस्वल आणि त्याबरोबर कॅथलिक चित्रपटसंघटनेचा पुरस्कारही. अभिनयाचे पारितोषिक सिडनी प्वाटिए यांना मिळाले ते 'द डिफायंट वन्स' या चित्रपटासाठी. एकाच साखळीने बांधलेले एक गोरा आणि एक काळा असे दोन पळपुटे कैदी ही त्या चित्रपटाची कथा. एकाच वर्षी, एकाच मंडपात, कैद्यांच्या दोन गोष्टी सन्मानित झाल्या आणि दोहोंत मनुष्यत्व बंधनातून मोकळे होते, ते व्यक्तीव्यक्तींमधल्या नात्याच्या पातळीवर. अमेरिकेतील वर्णभेद हे सोव्हिएत प्रचाराचे हुकमी हत्यार असण्याच्या त्या काळात वर्णभेदावर अशा प्रकारे मात करणारी गोष्ट पश्चिम बर्लिनमध्ये का रुचावी, हे कळणे अवघड नाही. भिंतीवाचून चालणाऱ्या तुरुंगाची गोष्ट का रुचावी हेही अवघड नाही. महोत्सव आटोपून काही महिने होतात न होतात तोच, नोव्हेंबर १९५८ मध्ये, ख्रुश्चेव्ह यांनी बर्लिनबाबत निर्वाणीचा इशारा दिला आणि १९६१ च्या ऑगस्टमध्ये त्या शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली. दरम्यान १९५९ साली हॉलिवूडच्या गोल्डन ग्लोबमधील सॅम्युएल गोल्डविन पुरस्कारही या चित्रपटाने मिळवला.

परीक्षकांनी एखादा कट रचून हा चित्रपट निवडला, असे यावरून सुचवायचे नाही. तसे सुचवले तर चित्रपटाच्या संहितेतील अनेकार्थता नाकारावी लागेल. सामूहिक श्रम, नांगरलेली जमीन, नफेखोर व्यापारी, कष्टकऱ्यांच्या एकजुटीवर होणारा हल्ला, हे सर्व मॉस्कोलाही रुचण्याजोगेच होते. बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह १९५५ मध्ये भारतात येऊन गेले होते, राज कपूर यांचा 'आवारा' सोव्हिएत रशियात लोकांनी डोक्यावर घेतला होता. दिल्लीनेही या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक दिले, कारण अलिप्ततावादाला नेमकी अशीच गोष्ट हवी होती, हृदयपरिवर्तनावर विश्वास ठेवणारी आणि कोणाच्याही गोटात न जाणारी. थोडक्यात, 'माणुसकी' हे नाणे त्या दशकात तिन्ही बाजारांत चालत होते. जे नाणे सगळीकडे चालते त्यावर मूळ टांकसाळीचा ठसा पुसट असावाच लागतो. औंधची राज्यघटना पुसली गेली ती अशी.

मराठी समीक्षेचा प्रश्न येथून सुरू होतो. चित्रपटाने जे केले ते व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने केलेले नाही. समीक्षेने मात्र 'बनगरवाडी'चे तसेच करून टाकले. १९५५ सालच्या या कादंबरीतील तरुण मास्तर संस्थानचा नोकर आहे. धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवणे, पोरे गोळा करणे, गावाकडून तालीम बांधून घेणे, आणि त्या तालमीसाठी खुद्द राजाला वस्तीवर आणणे, या सर्वांत राज्यसंस्थेचा एक दूरचा, सौम्य, कधी हास्यास्पद वाटणारा हात वावरतो. मास्तराला सत्तेचा प्रतिनिधी म्हणून वस्तीने संशयाने पाहणे, मग त्याच्याकडे न्यायनिवाड्याला येणे, अर्ज लिहून घेणे, हा कादंबरीचा कणा आहे. सत्ता खाली झिरपते तेव्हा तिचे काय होते याचे इतके बारीक निरीक्षण त्या काळच्या मराठी कादंबरीत क्वचितच सापडेल. दुष्काळ पडतो, वस्ती उठते, आणि राज्यसंस्थेने जे काही उभारले ते रिकाम्या माळावर मागे राहते. एवढे असूनही कादंबरीची मान्यता स्थिरावली ती 'मातीतल्या माणसाचे' निरपेक्ष दर्शन म्हणून, निसर्गाने घडवलेली आणि निसर्गानेच मोडलेली एक वस्ती म्हणून. दुष्काळ नियती झाला आणि राजा स्थानिक रंग झाला.

राम देशमुख यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९५८ साली, म्हणजे बर्लिनमधील गौरवाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. शीर्षक होते 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. मूळ शीर्षकात गावाचे नाव आहे, भाषांतरात त्या जागी रूपक आले. वस्तीला वेस किंवा तटबंदी नसणे हे धनगरी जीवनाचे साधे वर्णन. ते इंग्रजीत जाताच त्याला मोकळेपणाचा, सीमाहीन माणुसकीचा सूर लागला. भाषांतरकाराच्या मनात असे काही असेलच असे नाही, पण एकदा विशेषनामाच्या जागी रूपक बसले की औंध संस्थानातील एक वस्ती कोठलीही वस्ती होते. विश्वात्मकतेची ही किंमत मराठी समीक्षेने कधी हिशेबात धरली नाही. उलट तिला नफ्याच्या रकान्यात मांडले.

धान्य आणि पुस्तके यांच्या विनिमयाचा एक प्रसंग येथे नोंदवावासा आहे. १९५६ साली भारत आणि अमेरिका यांच्यात पी.एल. ४८० या कायद्यान्वये धान्याचा करार झाला. गव्हाची किंमत रुपयांत चुकती होत असे आणि त्या रुपयांचा काही अंश १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकन ग्रंथालयांसाठी विकत घेण्यावर खर्च होऊ लागला. मराठी पुस्तके या वाटेने शिकागो, पेनसिल्व्हेनिया येथील विद्यापीठांत पोहोचली. तेथे मराठी शिकवण्याला बळ मिळाले ते स्पुटनिकच्या धक्क्यानंतर १९५८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यातून. तिकडे लेनिनग्राडमध्येही मराठीचे अध्यापन चालू होते आणि तत्याना कातेनिना यांनी रशियनमध्ये मराठी भाषेचे वर्णन सिद्ध केले. दुष्काळी माणदेशाविषयीची कादंबरी गव्हाच्या पैशातून परदेशी जाऊ शकते, यातील विरोधाभास कोणत्याही ग्रामीण कथेत शोभला असता.

दुसऱ्या गोटाची कहाणी आजच्या सांगली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वाटेगावात सुरू होते. अण्णा भाऊ साठे यांनी 'स्टालिनग्राडचा पवाडा' रचला तो १९४३ साली. तेव्हा रशिया आणि अमेरिका मित्रराष्ट्रे होती आणि तो पोवाडा फॅसिझमविरोधाचा होता, शीतयुद्धाचा नव्हे. १९६१ साली ते रशियाला गेले, आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे त्याचे फलित. परंतु पुरोगामी समीक्षेने अण्णा भाऊंना 'मराठीचा गॉर्की' म्हणण्यात जेवढा उत्साह दाखवला तेवढा 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण का झाली, हे विचारण्यात दाखवला नाही. फकिराचे बंड मांग म्हणून जन्मलेल्याचे आहे. त्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा वसाहतवादी आहे आणि वेशीबाहेर ठेवणारा कायदा गावाचा आहे. 'कष्टकरी' या एका शब्दात हे दोन्ही कायदे विरघळवले की तेथेही 'निखळ माणूस'च उरतो, फक्त त्याच्या हाती कोयता असतो. मुंबईतील दोन वैरी गोट येथे नकळत एकमेकांशी सहमत होतात. एकाने व्यक्तीच्या नावाने, दुसऱ्याने वर्गाच्या नावाने, जात हा तपशील ठरवला.

आणि म्हणून शंकरराव खरात. त्यांचा जन्म १९२१ चा, खुद्द आटपाडीतला, तराळाच्या घरातला. 'बारा बलुतेदार', 'तडीपार', 'सांगावा' या संग्रहांतील गाव आणि माडगूळकरबंधूंचे गाव यांच्यात अंतर आहे ते काही हातांचे, पाणवठ्यापासून वेशीपर्यंतचे. वाङ्मयेतिहासात मात्र ते दोन स्वतंत्र प्रकरणांत, 'ग्रामीण' आणि 'दलित' या दोन फळ्यांवर ठेवले गेले आहेत. यवतमाळ १९७३, अंबाजोगाई १९८३ आणि जळगाव १९८४ या साहित्यसंमेलनांचे अध्यक्ष, अनुक्रमे ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात, हे तिघेही एकाच तालुक्याच्या मातीतले; तरी त्यांचे एकत्र वाचन झालेले आढळत नाही. त्यांना वेगळे करणारी भिंत बर्लिनच्या भिंतीपेक्षा जुनी आहे आणि १९८९ मध्ये ती पडलीही नाही.

खरातांचा तराळ हा सत्तेचा निरोप वाहणारा माणूस आहे. चावडीवरून निघालेला हुकूम, मर्तिकाचा सांगावा, सरकारी पाहुण्याची वर्दी, सर्व त्याच्या पायांनी चालते. 'बनगरवाडी'तील मास्तरही सत्तेचा निरोप्याच. पण मास्तर वस्तीवर येतो आणि बदली होऊन जातो. तराळाला बदली नाही. मास्तराजवळ येणाऱ्या माणसांमुळे त्याला सत्तेचा सौम्य चेहरा दिसतो, तराळाला तिचा पाठमोरा भाग दिसतो. हे दोन निरोपे एकत्र वाचले की औंधच्या प्रयोगाविषयी एक प्रश्न उभा राहतो, जो ना स्वतंत्रपुराच्या गौरवगाथेत येतो, ना चित्रपटात. कैद्याला भिंतीवाचून राहू देणाऱ्या त्या राज्यात तराळाच्या मुलाला चावडीच्या पायरीपासून किती अंतरावर उभे राहावे लागत होते? ग्रामपंचायतींच्या हाती सत्ता आली तेव्हा ती गावातल्या कोणाच्या हाती आली? 'तराळ-अंतराळ' (१९८१) हे आत्मचरित्र या दृष्टीने, म्हणजे एका गौरवलेल्या राजकीय प्रयोगाची खालून घेतलेली साक्ष म्हणून, वाचले जायला हवे होते. त्याचे वाचन झाले ते प्रामुख्याने दुःखाचा आणि जिद्दीचा दस्तऐवज म्हणून. येथेही तोच संक्षेप. राजकारण गाळून माणूस ठेवलेला.

दोन्ही महासत्तांच्या चौकटीत न मावणारी भूमिका या परंपरेला अपरिचित नव्हती. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत डॉ. आंबेडकरांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडली, ती साम्यवादाचे ध्येय नाकारण्यासाठी नव्हे, त्याची हिंसेची आणि हुकूमशाहीची वाट नाकारण्यासाठी. 'प्रबुद्ध भारत'चे संपादन केलेल्या खरातांना ही मांडणी जवळची असणार हे उघड आहे. म्हणजे शीतयुद्धाविषयीची एक स्वतंत्र, विचारपूर्वक घेतलेली भूमिका आटपाडीच्या वेशीबाहेरून आलेल्या लेखकाच्या हाताशी होती. मुंबईतील वादांचा इतिहास लिहिताना कलावादी आणि जीवनवादी यांच्या खडाजंगीला पानेच्या पाने मिळतात. या तिसऱ्या भूमिकेची दखल दलित साहित्याच्या प्रकरणाच्या प्रास्ताविकात एखाद्या वाक्याने घेतली जाते.

'दो आँखें बारह हाथ' आजही शाळांतून दाखवला जातो आणि त्यातील प्रार्थना म्हटली जाते. स्वतंत्रपूरची वसाहतही आटपाडीजवळ आहे. त्या दोहोंच्या मध्ये जी राज्यघटना होती ती मराठी समीक्षकाला वाचायची असेल, तर 'बनगरवाडी'तील राजाच्या भेटीचा प्रसंग आणि खरातांच्या तराळाची चावडीवरची हजेरी, ही दोन पाने शेजारी ठेवून सुरुवात करता येईल.